आवणीच्या दिवसांत डोंगर

आमच्या गावात कामाशिवाय डोंगर चढणारी माणसं दोनच प्रकारची. एक पुण्या-मुंबईहून शनिवार-रविवारी येणारी आणि दुसरी डोकं फिरलेली. मळवली स्टेशनात उतरून आमच्या गावाकडं निघालं की समोर विसापूरचा किल्ला दिसतो. पावसाळ्यात तोही दिसत नाही, त्याच्या जागी नुसता ढग बसलेला असतो. मी या डोंगराच्या पायथ्याला जन्मलो, वाढलो, पन्नाशीला आलो. पण चुकलेली म्हैस शोधायला, गवताला, नाहीतर कुडाच्या भिंतीसाठी कारवीच्या काठ्या आणायला गेलो तेवढाच. हवा खायला म्हणून वर जायचं, ही गोष्ट आमच्यात नव्हती. मला ती टीबीनं शिकवली.

खोकला दिवाळीपासून होता. तळेगावच्या एका कंपनीत मी तपासणीच्या टेबलावर होतो. मशीनवरून आलेला पार्ट हातात घ्यायचा, मापायचा, बरा असेल तर इकडं आणि बिघडलेला असेल तर लाल पेटीत टाकायचा. नोकरीची सगळी वर्षं हेच केलं. खोकल्याला मी आधी धूळ म्हटलं, मग थंडी म्हटलं, मग तंबाखू सोडली. वजन उतरलं, विजार कमरेवर राहीना, तरी माझं आपलं चाललंच होतं. होळीच्या सुमारास थुंकीत रक्त दिसलं. तेव्हा बायकोनं माझ्याशी वाद न घालता पायात चपला घातल्या आणि मला सरकारी दवाखान्यात नेलं. निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या आणि मी अंथरुणाला खिळलो. त्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पत्र्याकडं बघत पडायचं, घाम आला की कूस बदलायची, एवढंच.

बातमी मी कुणाला सांगितली नाही, आणि ती सगळ्यांना कळली. आमच्याकडं एक म्हैस होती. बायको सकाळी दोन बंगल्यांवर आणि आळीतल्या चार घरी दूध घालायची. आधी एका बंगल्यावरच्या बाईंनी ‘आम्ही थोडे दिवस इथं नाही’ असं सांगून दूध बंद केलं. त्यांची गाडी दारात उभी होती. मग दुसरा बंगला, मग आळी. वाईट कुणी बोललं नाही. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. घरात दूध नासायला लागलं तेव्हा बायकोनं म्हैस विकून टाकली. टेम्पोत चढवताना ती ओरडली ते मी आतून ऐकलं, पण उठून बाहेर गेलो नाही.

उन्हाळा सरता सरता दवाखान्यात पुन्हा थुंकी तपासली. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, “काका, आता थुंकीत जंतू नाहीत. तुमच्यापासून कुणाला काही होणार नाही. गोळ्या मात्र एकही चुकवायची नाही. आणि चालायला लागा. जमेल तसा थोडा चढ चढा. बसून राहिलात तर छाती मोकळी व्हायची नाही.” त्यांचं ते ‘कुणाला काही होणार नाही’ हे वाक्य देवळातल्या भोंग्यावरून गावाला ऐकवावं असं मला वाटलं. ऐकवलं अर्थातच नाही. घरी आलो आणि दुसऱ्या दिवसापासून चालायला लागलो.

सुरुवात रस्त्यानंच केली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी समोरून माझा चुलतभाऊ आला. आम्ही दोघं एका वयाचे, शाळेत एका बाकावर बसायचो, एकमेकांच्या डब्यातलं खायचो. तो थांबला, “बरं वाटतंय का?” म्हणाला आणि बोलता बोलता वारा कुणीकडून येतोय ते बघून रस्त्याच्या दुसऱ्या कडेला झाला. त्यानं हे मुद्दाम केलं असंही नाही. गटारातून माणूस पाय उचलतो तसे त्याचे पाय आपोआप उचलले गेले. मी “बरंय” म्हणालो आणि पुढं गेलो. दुसऱ्या दिवशी मी रस्ता सोडला आणि डोंगराची वाट धरली. तिथं माझ्यासाठी कुणाला बाजूला व्हावं लागत नव्हतं.

पहिल्या दिवशी गावाबाहेरच्या आंब्यापर्यंत गेलो आणि मटकन खाली बसलो. लहानपणी त्या आंब्यापर्यंत आम्ही शर्यत लावायचो. आता छातीत सुई टोचल्यासारखं व्हायचं आणि पायात जीव नसायचा. पण दुसरं करायला काही नव्हतं. कंपनीतून बिनपगारी रजा होती, मुलगी लग्न होऊन इंदुरीला दिलेली, बायको दिवसभर शेतात. मग आंब्याच्या पुढं कातळापर्यंत, कातळाच्या पुढं करवंदीच्या जाळीपर्यंत, असा मी रोज थोडा थोडा सरकत गेलो. तोवर पावसानं जम बसवला होता. घाटमाथ्याचा पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. छत्रीच्या काड्या पहिल्याच आठवड्यात मोडल्या, म्हणून मी कंपनीचा जुना रेनकोट घालून जायचो. चष्म्यावर पाणी, कानात वारा, पायाखाली घसरण. त्यात एक बरं होतं. एवढ्या आवाजात माझा खोकला मलाही ऐकू येत नसे.

एक अडचण मात्र रोजची होती. आमच्यात वाटेत भेटलेला माणूस पहिलं विचारतो, “कुटं चाललाय?” त्याला काहीतरी ठिकाण सांगावं लागतं. “चालायला चाललोय” हे उत्तर होऊच शकत नाही. त्यातून आषाढातली आवणी, म्हणजे भाताची लावणी तोंडावर आलेली. ज्याला हात-पाय आहेत तो चिखलात असतो आणि ज्याला नाहीत तो घरात घोंगडी पांघरून असतो. मी या दोन्हीत बसत नव्हतो. मग मी हातात कोयता घ्यायला लागलो. हातात कोयता असला की माणूस कुठंतरी कामाला निघालाय असं दिसतं. मग कुणी विचारत नसे. वर जाऊन एखादी निरुपयोगी फांदी तोडायची, फेकून द्यायची आणि परत यायचं.

वरच्या घळीत, जिथं पायऱ्यांवरून ओढ्यासारखं पाणी येतं, तिथं मला अधूनमधून ट्रेकवाले भेटायचे. रंगीत पोंचो घातलेली, विशीतली मुलं-मुली. कोयता बघून त्यांना मी इथला कुणी जाणकार वाटायचो. “काका, अजून किती?” म्हणून विचारायचे. मी स्वतः दर दहा पावलांना थांबत होतो आणि किती राहिलं ते मलाही ठाऊक नसायचं, पण “आलंच” म्हणायचो. एकदा एक मुलगी माझ्या शेजारी दगडावर येऊन बसली. अगदी शेजारी, खांद्याला खांदा. बिस्किटाचा पुडा फोडून तिनं आधी माझ्यापुढं धरला. होळीपासून बायको आणि दवाखाना सोडला तर माझ्या इतकं जवळ कुणी बसलं नव्हतं. मी एक बिस्कीट घेतलं. तिनं पाण्याची बाटलीही पुढं केली, ती मात्र मी नको म्हणालो. घरी येताना मला रडू आलं, आणि पावसात रडायला काही हरकत नसते, म्हणून रडून घेतलं.

आता सावडीचं सांगायला हवं. आमच्याकडं आवणी एकेकट्यानं होत नाही. पाच-सहा घरं मिळून सावड करतात. आज सगळे तुमच्या भातखाचरात, उद्या माझ्या, परवा तिसऱ्याच्या. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. ज्याचं शेत असेल त्यानं त्या दिवशी सगळ्यांना जेवू घालायचं, एवढाच नियम. ते बांधावरचं जेवण म्हणजे आवणीचा अर्धा आनंद असतो. कंबर मोडलेली, हातापायांना चिखल, पाऊस ताटात पडतोय, आणि गरम भात, सुक्या बोंबलाचं कालवण, भाकरी. घरातली बाई आदल्या दिवसापासून तयारीला लागते. वर्षभर कोण कुणाशी बोलत नसलं तरी सावडीत एका पंगतीला बसतं.

त्या वर्षी आमच्या घरातून सावडीला बायको एकटीच जायला लागली. मी निघालो तर आळीतले आबा, माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, वाटेतच म्हणाले, “तू नगं येऊस. हाय न्हवं बाई. तू आराम कर, लेका.” मायेनंच म्हणाले. सगळेच मायेनं म्हणत होते. मी मागं फिरलो. इतकी वर्षं कंपनीतून रजा काढून, पाळ्या बदलून मी आवणी चुकवली नव्हती. आणि आता कुणाला माझी गरज नव्हती याचं दुःख करावं, की रोज एक चिखलातला दिवस वाचला म्हणून बरं मानावं, हेच कळेना. माझा स्वभाव मुळात किरकिरा. मी दुःख केलं.

मग आमच्या शेताचा दिवस आला. बायको पहाटेपासून चुलीपाशी होती. गॅस आहे, पण सावडीचं जेवण ती चुलीवरच करते. मोठं पातेलं माळ्यावरून काढलं, भाकऱ्यांची चवड रचली, कालवणाचा वास सगळ्या आळीत गेला. तिच्या तोंडावर मी कित्येक महिन्यांनी काही बरं बघत होतो. मी तांदूळ निवडले, पाणी भरलं, चुलीत लाकडं सारली. दुपारी डोक्यावर पाटी घेऊन ती पुढं आणि हातात पातेलं धरून मी मागं, असे शेतावर गेलो.

बांधावर सगळे ओळीनं बसले होते. प्रत्येकाच्या मांडीवर स्वतःचा डबा होता.

चुलतभावाची बायको पुढं झाली. म्हणाली, “अवो ताई, उगं तुमाला तरास म्हणून आमी आनलंय आपापलं. घरात आजारपन, तुमी एकट्या किती करनार?” तिचं बोलणं गोड होतं. बाकीचे आपापल्या डब्यात बघत होते. आबांच्या हातात चपातीचा तुकडा होता, तो ते तोंडातही घालेनात आणि खालीही ठेवेनात. बायको पाटी डोक्यावर तशीच धरून उभी राहिली. मग तिनं ती उतरवली, वरचं फडकं नीट झाकलं आणि म्हणाली, “बरं केलंत.” एवढंच. पदर खोचून ती खाचरात उतरली आणि कुणाचं जेवण व्हायच्या आत एकटीच रोपं लावायला लागली.

मला त्या सगळ्यांना शिव्या द्याव्याशा वाटल्या. पण डबे आणू नका असं त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार होतो? दवाखान्यातलं वाक्य जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं. मी पातेलं उचललं आणि घरी आणून ठेवलं. घरात बसवेना. डोंगराकडं जायचं तर वाट आमच्याच शेताच्या बांधावरून जाते आणि आज तिथं सगळी सावड होती. नुसता कोयता घेऊन हिंडतो हे एव्हाना लोकांनी ओळखलं असणार. म्हणून कोयत्याबरोबर मी गोठ्यातली दोरीही खुंटीवरून काढली आणि खांद्याला अडकवली. गवताचा भारा आणायला जाणारा माणूस तसाच निघतो. जन्मभर मी तसाच निघत आलो होतो. बांधावरून जाताना मी कुणाकडं बघितलं नाही. मला कुणी कुठं चाललाय म्हणून विचारलंही नाही.

त्या दिवशी मी कातळापाशी थांबलो नाही, जाळीपाशीही नाही. रागाला एवढी ताकद असते हे मला माहीत नव्हतं. घळीत पाणी मांडीला लागत होतं आणि प्रत्येक पायरी हातानं चाचपून वर चढावं लागत होतं. दोनदा घसरलो. एकदा खोकल्याची उबळ आली तेव्हा कड्याच्या एका खोबणीत डोकं टेकून कितीतरी वेळ उभा राहिलो. तरी चढलो. आणि होळीनंतर पहिल्यांदा मी विसापूरच्या माथ्यावर पोचलो. कुणाला तरी सांगावं असं वाटलं. सांगायला तिथं वाऱ्याशिवाय कुणी नव्हतं. आडवारी ट्रेकवालेही नसतात.

विसापूरचा माथा म्हणजे मोठं सपाट माळरान आहे. त्यात ढग उतरला की हातभर लांबचं दिसत नाही. मी तटाच्या कडेकडेनं चालत राहिलो. एका ठिकाणी तट ढासळलेला होता, तिथं येऊन उभा राहिलो. खाली दरी नव्हती, गाव नव्हतं, काही नव्हतं, नुसतं पांढरं. वारा पाठीत ढकलत होता. खाली माझ्याच शेतात माझ्यावाचून आवणी चालली होती आणि नीट चालली होती. कंपनीतल्या टेबलावर दुसरा कुणी बसला होता. मी परत गेलो नाही तर कुणाचं काय अडणार आहे, असं माझ्या मनात आलं. आलं म्हणजे मी आणलं नाही, ते आपसूक आलं आणि माझ्या शेजारी उभं राहिलं. मी त्याला हाकललंही नाही. असा किती वेळ गेला मला सांगता येणार नाही.

मग मला लघवीला लागली. हे लिहायला बरं दिसत नाही, पण घडलं असंच. एवढ्या वाऱ्यात कडेवर उभं राहून ते काम होण्यासारखं नव्हतं, म्हणून मी मागं सरलो आणि एका भिंतीच्या आडोशाला गेलो. टीबीच्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते. त्या सगळ्या पांढऱ्यात तेवढाच एक रंग दिसला आणि मला हसू फुटलं. एकटाच हसलो, हसता हसता खोकलो, आणि खोकून झाल्यावर भयंकर भूक लागल्याचं लक्षात आलं. मी दुपारी जेवलोच नव्हतो. मी उतरायला लागलो.

घळीच्या अर्ध्यात आलो तेव्हा खालून माझ्या नावानं हाका ऐकू आल्या. मी आधी ओ दिली नाही. वाटलं, कुणीतरी दुसऱ्याच कुणाला बोलावतंय. मग ढगातून तिघं वर येताना दिसले. पुढं चुलतभाऊ, मागं सावडीतला एक तरुण गडी, आणि सगळ्यांत मागं काठी टेकत, सत्तरी ओलांडलेले आबा. तिघांच्या हातांना कोपरापर्यंत माझ्या खाचराचा चिखल होता. पावसानंही तो धुतला गेला नव्हता, इतके ते घाईनं निघाले असणार. मला बघून चुलतभाऊ मटकन पायरीवर बसला, तिथून पाणी वाहत होतं त्यातच.

“काय झालं?” मी विचारलं. “आवणी सोडून कशाला आलाय?”

“असंच,” तो म्हणाला. “बघाय आलो.”

आबांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाले, “कुटं गेलतास?”

“गवताला गेलतो.”

“गवात? कुनासाठी रं, लेका?”

त्या क्षणापर्यंत, शपथेवर सांगतो, म्हैस विकल्याचं माझ्या लक्षातच नव्हतं. गोठा रिकामा होता, मी त्याच रिकाम्या गोठ्यातून दोरी आणली होती, आणि तरीही खांद्यावर दोरी टाकताना माझ्या अंगाला म्हैस दावणीलाच आहे असं वाटलं होतं. आता त्या तिघांच्या नजरेतून मी स्वतःकडं बघितलं. आजारी माणूस. सगळ्यांसमोर बायकोचा अपमान झालेला. घरात जनावर नाही. आणि असा माणूस भर पावसात खांद्यावर दोरी टाकून, कुणाशी न बोलता, एकटा डोंगरावर गेलेला. त्यांना काय वाटलं ते मला कळलं.

“तसं काही न्हाई,” मी म्हणालो.

“व्हय, व्हय. कोन काय म्हनतंय,” चुलतभाऊ म्हणाला आणि उठून त्यानं माझ्या खांद्यावरची दोरी काढून घेतली. कोयताही घेतला. मग तो माझ्या एका बाजूला आणि तरुण गडी दुसऱ्या बाजूला, असं मला दंडाला धरून खाली उतरवायला लागले. मला राग आला. मी माझ्या पायांनी चढलो होतो, मला धरायची गरज नव्हती. पण घळ अरुंद होती, आणि चुलतभावाचा हात माझ्या काखेत घट्ट बसला होता. त्याचा श्वास माझ्या गालाला लागत होता. मी खोकलो तेव्हाही त्यानं तोंड फिरवलं नाही. मी धरू दिलं. आंब्यापाशी आल्यावर आबा दम खायला थांबले आणि मला म्हणाले, “तू बांधावरनं गेलास तवा ती वाकून लावत व्हती, आन् आमच्या ध्यानात न्हाई आलं. तुज्या बायकोनं पळत येऊन सांगितलं. घरी च्या आनाय गेली आन् दोरी न्हाई बघून तशीच आली. रडत बी नव्हती.”

बायको बांधाच्या टोकाला उभी होती. मला येताना बघितलं आणि ती वळून पुन्हा खाचरात गेली. त्या दिवशी अर्धं शेत लावायचं राहिलं.

संध्याकाळी मी अंग पुसून चुलीपाशी बसलो. तिनं दुपारचंच कालवण गरम करून मला वाढलं. पातेलं भरलेलंच होतं. मी जेवलो, ती समोर बसून राहिली. माझं ताट तिनं बाजूला सारलं. मग म्हणाली, “दोरी कशाला न्हेली?”

मी सगळं खरं सांगितलं. लोकांनी विचारू नये म्हणून नेली, म्हैस नाही हे विसरलो. तिनं मान हलवली. तिला ते पटलं होतं, हे मला दिसलं. पण ती उठली नाही.

“आन् वर गेल्यावर?”

आमच्या लग्नाला आता पुष्कळ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिनं मला कधी असा प्रश्न विचारला नव्हता. मी खोटं बोलू शकलो असतो आणि तिनं ते चालवून घेतलं असतं. मी म्हणालो, “आलं व्हतं मनात. मी न्हाई आलो तर कुनाचं काय अडंल, असं.”

ती चुलीकडं बघत होती. म्हणाली, “मला वाटलंच. आजचं न्हाई. तुमी डोंगरावर जाया लागला तवापासनं. म्या रोज डोंगराकडं त्वांड करून लावती. बाया म्हनत्यात, उलटी का लावतीस, पाऊस तोंडावर येतोय.”

मी वर असताना कुणी माझ्याकडं बघतंय, हे मला कधी वाटलंच नव्हतं. मला वाटायचं, एकटा पडलोय तो मीच.

“उद्या ऱ्हायलेलं खाचर हाय,” ती उठत म्हणाली. “तुमी डोंगरावर जाऊ नगा. बांधावर उबं ऱ्हावा. काय करू नगा. मला दिसाल असं ऱ्हावा.”

दुसऱ्या दिवशी सावड आली. पाऊस कालच्याहून जास्त होता. तिनं पहाटे उठून पुन्हा तेवढ्याच माणसांचं जेवण केलं होतं आणि दुपारी बांधावर पुन्हा सगळ्यांनी आपापले डबे उघडले. या वेळी मी गप्प बसलो नाही. चुलतभावाला बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं, “काल मला काखेत हात घालून खाली आनलंस. मग आज माझ्या घरची भाकरी का न्हाई? दवाखान्यात सांगितलंय, माझ्यापासनं काय व्हत न्हाई.”

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, “मला ठावं हाय. पन घरात नातवंडं बारकी हायती रं. बायका भित्यात. मी बी भितो.”

माझ्या घरात बारकी नातवंडं असती तर मीही डबाच आणला असता. या लोकांना मी मरायला नको होतो आणि त्यांना माझ्या घरी जेवायचंही नव्हतं. दोन्ही खरं होतं, आणि त्या दोन्हींसकट मला याच गावात राहायचं होतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो जेवायला गेला.

आम्ही दोघं थोडं लांब बसून जेवलो. मग ती खाचरात उतरली आणि मी बांधावर उभा राहिलो. पन्नास वर्षांचा धडधाकट दिसणारा माणूस आवणीच्या दिवशी नुसता उभा. रस्त्यानं जाणारे बघत होते. मला लाज वाटत होती आणि मी हललो नाही. शेजारच्या घरून कुणीतरी मला एक काळी छत्री आणून दिली होती, ती मी धरली होती. लावणारी बाई वाकून मागं मागं सरकत जाते. ती मध्येच कंबर सरळ करायची, कोपरानं कपाळावरचं पाणी निपटायची आणि बांधाकडं बघायची. एकदा तिनं बघितलं आणि ती बघतच राहिली, डोळे बारीक करून, मान इकडं तिकडं करत. वाऱ्यानं छत्री पुढं कलली होती, तिच्या आड माझं तोंड गेलं होतं. मी छत्री मिटली आणि भिजत उभा राहिलो.